खटखट कुठून येते?

मडके विकत घेताना आपल्याकडे ते बोटाच्या पेराने वाजवून घेतात. कुंभारही हरकत घेत नाही, उलट तोच दोनदा वाजवून दाखवतो. बैलगाडीचा कणा कुरकुरू लागला की जुन्या माणसाला न उतरताच कळे, वंगण संपले. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. आवाजावरून आतले दुखणे ओळखायचे, ही विद्या अशी घराघरांतली आहे आणि विलायतेतलीही आहे.

आज मला तिच्या एका वेगळ्या शाखेबद्दल लिहायचे आहे : जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्समधली खटखट. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाने हे काय काढले, असे काहींना वाटेल. पण मित्रहो, इतिहास काही फक्त गडकिल्ल्यांचाच नसतो.

गिअरबॉक्सचा जन्मच मुळी आवाजासकट झाला. फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात पानार आणि लव्हासॉर यांच्या गाड्यांत फिरत्या चक्रावर दुसरे चक्र सरकवून दाते अडकवत असत. कर्रर्र आवाज झाल्याशिवाय गिअर पडायचा नाही. दोन चक्रांचा वेग आधी जुळवून मगच ती अडकवायची, ही सोय अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली आणली. तिला सिंक्रोमेश म्हणतात, आपले मिस्त्री नुसते ‘सिंक्रो’ म्हणतात.

ही सोय आपल्याकडे पोचायला वेळ लागला. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. तो रस्ता आमच्या शिरूर तालुक्यातूनच जातो. ‘डबल क्लच’ हा शब्द मी लहानपणी ड्रायव्हर लोकांच्याच तोंडून प्रथम ऐकला. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. चांगला ड्रायव्हर इंजिनाचा सूर ऐकून हे करी, पायाकडे बघून नाही.

मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली ती मात्र कुर्ल्याहून. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, १९६४ पासून ‘अकराशे डिलाइट’ निघू लागली आणि करार संपल्यावर १९७४ च्या सुमारास तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, गिअर चार, वरच्या तिघांना सिंक्रो, पहिल्याला नाही. म्हणून गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, असे प्रत्येक पद्मिनीवाला दुसऱ्याला सांगत असे.

आता मूळ मुद्दा. अशा गाडीत खटखट आली तर ती कुठली, हे न उघडता ओळखायचे कसे? आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. ती एखाद्या चांगल्या उलटतपासणीसारखी असते.

पहिला प्रश्न : गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये आवाज येतो का? येत असेल तर क्लच दाबा. क्लच दाबला की गिअरबॉक्सला इंजिनाकडून मिळणारी गती तुटते. आवाज बंद झाला, तर पुढच्या शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर संशय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा.

दुसरा प्रश्न : कोणत्या गिअरमध्ये? एकाच गिअरमध्ये ठरावीक तालात टक-टक येत असेल, तर त्या चक्राचा दाता तुटलेला असण्याचा संभव, कारण तुटका दाता प्रत्येक फेऱ्यात एकदा हजेरी लावतो. पहिल्या तिन्हीत येतो आणि चौथ्यात जवळजवळ थांबतो, तर लेशाफ्ट पाहा. चौथ्या गिअरमध्ये ताकद सरळ पुढून मागे जाते, लेशाफ्टवर भार राहत नाही.

तिसरी साक्ष तेलाची. खालचा बोल्ट काढून थोडे तेल फडक्यावर घ्यायचे आणि लोहचुंबक फिरवायचा. चिकटला तो चुरा पोलादाचा, म्हणजे दाते किंवा बेअरिंग. न चिकटता पिवळा चमकला तो पितळेचा, म्हणजे सिंक्रोची रिंग झिजते आहे.

आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आवाज गिअरबॉक्सचा आहे तरी का?

हा प्रश्न माझ्या गाडीच्या बाबतीत एकाने विचारला नव्हता आणि एकाने विचारला. १९९४ साली मी एक जुनी पद्मिनी घेतली होती. वर्षभरात तिच्या पोटातून खटखट येऊ लागली, ॲक्सिलरेटर सोडला की एक ठोका वेगळा. शहरातल्या एका गॅरेजने चक्कर न मारताच ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सांगितले. आकडा माझ्या दोन पगारांच्या वर होता आणि त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. गाडी विकायचे घरात जवळजवळ ठरलेच होते.

विकण्याआधी पाबळ रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला दाखवली. शिक्षण चौथीपर्यंत. तो शेजारी बसला आणि म्हणाला, “गुर्जी, तिसऱ्यात तीसनं चालवा.” मग म्हणाला, “आता चौथ्यात, पण तीसच ठेवा.” इंजिनाचा सूर बदलला, खटखटीचा ताल मात्र तोच राहिला. तो हसला. ताल इंजिनाबरोबर बदलत नाही, चाकाबरोबर राहतो, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागे. गाडीखाली जाऊन त्याने शाफ्ट हाताने पिळून दाखवला, क्रॉस ढिला झाला होता. संध्याकाळपर्यंत नवा बसला. फी भरली गेली आणि गाडीही पुढे बारा वर्षे दारात राहिली.

हे तर्कशास्त्र त्याला कोणी शिकवले? वर्गात मी मुलांना कार्यकारणभाव समजावत असे, तेव्हा पुष्कळदा हाच मिस्त्री डोळ्यांसमोर येई. एक गोष्ट बदलायची, बाकी स्थिर ठेवायच्या आणि पाहायचे. प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतात? आमच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिक्षण व्हावे याच विश्वासावर.

काळाची गंमत पाहा. कुर्ल्याची पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण फियाटचा कारखाना आमच्याच तालुक्यात, रांजणगावला आला. तिथे गाड्यांबरोबर इंजिने आणि गिअरबॉक्सही तयार होऊ लागले. २०१७ पासून तिथून जीपही बाहेर पडू लागली. केंदूर परिसरातली पोरे आता मोटार दुरुस्त करत नाहीत, मोटार बनवायला जातात. याचा मला आनंदच आहे. आजच्या गाडीला संगणक जोडला की पुष्कळ दोष पडद्यावर उमटतात, विजेच्या गाडीत तर बहुधा बदलायचे गिअरच नसतात.

मात्र ढिल्या क्रॉसची खटखट अजून कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. ती ऐकणारा माणूस लागतो आणि ‘बदला’ म्हणण्याआधी एक चक्कर मारण्याइतका प्रामाणिकपणाही लागतो. कारखान्याचा इतिहास कंपनी लिहिते, वालचंदांची चरित्रेही आहेत. या मिस्त्रींचे मात्र कोणी काही लिहून ठेवलेले नाही. त्यांतले बरेच गेले, उरलेल्यांना आता कमी ऐकू येते. तुमच्या गावात असा एखादा असेल, तर एखाद्या दुपारी वही घेऊन त्याच्यापाशी बसा. कोणता आवाज कशाचा, एवढेच विचारा. बाकीचे तो आपणहून सांगेल.