भिडे वाडा, आत्याचा वाडा आणि 'हेरिटेज'ची पाटी

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. ऑफिसात रिलीज होतं, दोन रात्री त्यातच गेल्या. आजचा भाग एका वाड्याबद्दल आहे. खरं तर दोन वाड्यांबद्दल, पण दुसरा कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही.

माझी आत्या कसबा पेठेत भाड्याने राहते. दोन खोल्या, वर कडीपाट, पुढे चौक. लग्न होऊन आली ती इथेच. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "अरे, तू ते इतिहासाचं बोलत असतोस ना, मग मला एक सांग. आपला वाडा हेरिटेजमध्ये घाला म्हणून अर्ज करतायत काही मुलं. सह्या मागतायत. घातला तर आम्हाला बाहेर काढतील का?"

मी ऐटीत उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं की मला नीट माहीतच नाही. मग वाचायला बसलो. आणि पुण्यात हा प्रश्न विचारला, की बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यापाशी थांबावंच लागतं.

दगडूशेठ गणपतीच्या समोरची ती जागा. १८४८ साली जोतीराव फुले यांनी तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात मुलींची शाळा काढली. नेमकी तारीख कोणती यावर अभ्यासकांत वाद आहे, सोहळा मात्र १ जानेवारीला होतो. आपण फोटोत पाहतो ते जोतीराव पिकल्या वयाचे असतात, म्हणून सांगतो: तेव्हा ते विशी-एकविशीतले होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. मी त्या वयात इंजिनीअरिंगच्या केट्या सोडवत होतो.

ही पहिली शाळा फार काळ चालली नाही. ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा मुलींची शाळा सुरू झाली, मग रास्ता पेठेत, मग वेताळ पेठेत. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला, मेजर कँडींच्या हस्ते. म्हणजे भिडे वाड्याच्या एवढ्या लांब आयुष्यात शाळेचा काळ किती? अगदी थोडा. कोरीव खांब, नक्षीदार महिरपी असलं तिथे काही नव्हतं. त्या वाड्याचं मोल तिथे घडलेल्या एका गोष्टीचं होतं. आणि अशी घरं वाचवणं सगळ्यात कठीण, कारण बघणाऱ्याला दिसतं काय, तर खाली दुकानं आणि वर पडकी भिंत.

२००६ साली महापालिकेने तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं आणि जागा ताब्यात घ्यायची प्रक्रिया सुरू झाली. मालक आणि भाडेकरू २०१० मध्ये हायकोर्टात गेले. तेरा वर्षं. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानेही तोच कायम ठेवला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत पोलीस बंदोबस्तात वाडा पाडला. स्मारक करण्यासाठी.

कॉलेजात असताना मीही या स्मारकासाठीच्या एका ऑनलाइन याचिकेवर सही केली होती. तेव्हा मला त्या दुकानदारांचा जाम राग यायचा. देशातली मुलींची शाळा, आणि हे गाळ्यासाठी कोर्टात बसलेत! आता आत्याचा फोन आल्यावर कळलं की त्यांचा प्रश्न अगदी तिच्याच प्रश्नासारखा होता: मग आम्ही जायचं कुठे?

तर आत्याला काय सांगायचं? आपण बोलताना 'हेरिटेज केलं' असं सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक. गंज पेठेतला फुले वाडा, जिथे तुळशी वृंदावनाखाली जोतीरावांच्या अस्थी आहेत, तो असा राज्य संरक्षित आहे. दोन, सार्वजनिक कामासाठी भूसंपादन. भिडे वाड्याचं हे झालं. यात घर सरकारच्या हातात जातं आणि राहणाऱ्याला निघावं लागतं. आणि तीन, शहराची वारसा यादी. ही कल्पना नियमात आधी मुंबईत आली, १९९५ मध्ये. ग्रेड एक, दोन, तीन. यात मालकी मालकाचीच राहते, भाडेकरू भाडेकरूच राहतो. फक्त पाडायचं किंवा मोठा बदल करायचा तर समितीला विचारावं लागतं. मुलं अर्ज करतायत तो या तिसऱ्या प्रकारचा. म्हणजे पाटी लागली म्हणून कुणी आत्याला बाहेर काढत नाही.

इथे मी फोन ठेवू शकलो असतो. पण तिचा पुढचा प्रश्न होता, "मग छत कोण दुरुस्त करणार?"

आणि हे खरं दुखणं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धाच्या महागाईत भाडेकरूला वाचवायला ते गरजेचं होतंच. पण पुढे पन्नास वर्षं जवळपास तेच चाललं, नवा कायदा आला १९९९ मध्ये. दरम्यान जेवढं भाडं येतं त्यात एक तुळई बदलून होत नाही. मालक म्हणतो पडू दे, भाडेकरू म्हणतो माझं घर नाही तर मी का खर्च करू. दोघांचंही बरोबर, आणि वाडा मध्ये गळतोय. वर १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात झोपवले ते वेगळंच.

यादीत नाव आल्याने हे गणित सुटत नाही. जे बांधता येणार नाही त्याबदल्यात विकता येणारा टीडीआर मिळायची तरतूद आहे, पण तो मिळणार मालकाला. तो पैसा वाड्याच्या छतापर्यंत येईलच असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी रीड-ओन्ली केली, पण मेंटेनर नेमलाच नाही. माझं मत विचाराल तर विश्रामबाग वाडा आज उभा आहे तो निव्वळ पेशव्यांचा म्हणून नाही. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, लोकांनी वर्गणी काढून उभारला, आणि त्याला महापालिका नावाचा एक धनी आहे जो दुरुस्तीचं टेंडर काढू शकतो. भिडे वाड्याला शंभर वर्षं असा धनी नव्हता. आपल्याला तो आठवला तेव्हा भिंती राहिल्या नव्हत्या, फक्त जागा आणि पत्ता राहिला होता.

गेल्या रविवारी आत्याच्या चौकात मीटिंग झाली. मालकांचा मुलगा आला होता, अर्ज करणारी मुलंही. मी सगळं वरच्यासारखंच सांगितलं, जरा कमी भाषण करून. मुलांपैकी एकीने विचारलं, अर्जासोबत दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च आणि तो कोण किती उचलणार हे लिहून जोडलं तर चालेल का? मालकांचा मुलगा म्हणाला, वडिलांना विचारतो. आत्याने सगळ्यांना पोहे दिले आणि अजून सही केलेली नाही.

मी आणि ती मुलं मिळून वाड्याची मापं घेतोय. प्रत्येक खण, प्रत्येक देवळी, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. सहीचं काय व्हायचं ते होईल, नकाशा तरी असेल. पुढच्या भागात विश्रामबाग वाड्याची ती आग आणि वर्गणी, सविस्तर. तोवर भेटू.