‘सिल्व्हिया स्कार्लेट’ आणि उभयलैंगिक आकर्षण : एक पुनर्विचार

जॉर्ज क्यूकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सिल्व्हिया स्कार्लेट’ (१९३५) हा प्रणयविनोदी बोलपट त्या काळी सपशेल पडला. कॉम्प्टन मॅकेन्झी यांच्या १९१८ मधील कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यात उभयलैंगिक आकर्षणाचे चित्रण आहे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. वेषांतर हे केवळ विनोदाचे साधन होय, हे एक. मायकेल फेन हे पात्र उभयलैंगिक आहे, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत.

अफरातफरीमुळे परागंदा होणाऱ्या पित्याबरोबर फ्रान्समधून इंग्लंडला जाताना सिल्व्हिया (कॅथरिन हेपबर्न) केस कापून ‘सिल्व्हेस्टर’ बनते. पुढील प्रसंगांत, कोणत्या पात्रास काय ठाऊक आहे व प्रेक्षकास काय ठाऊक आहे, हा भेद निर्णायक ठरतो. मॉडी ही तरुणी सिल्व्हेस्टरचे चुंबन घेते. तिच्या दृष्टीने तो मुलगाच आहे; प्रेक्षकास मात्र दोन स्त्रिया दिसतात. चित्रकार मायकेलच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. प्रेक्षकास पुरुष व स्त्री दिसतात. मायकेल मात्र एका मुलाकडे ओढला जात असतो. या ओढीसाठी तो ‘क्वीअर’ हे विशेषण वापरतो. ‘चमत्कारिक’ हा त्याचा रूढ अर्थ. परंतु समलिंगी आकर्षणाचा अर्थही विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यास चिकटू लागला होता. १९३४ पासून हॉलीवूडची आचारसंहिता कठोरपणे अमलात येऊ लागली होती. अशा वेळी हा द्व्यर्थी शब्द फार उपयोगी होता.

सिल्व्हिया स्त्रीवेषात समोर येताच, आपण तिच्याशी तसे का बोललो याचा उलगडा झाल्याचे मायकेल मानतो. वेषांतरवादी उत्तराचा आधार हाच. परंतु उलगडा नंतरचा आहे, ओढ आधीची. उत्तरकालीन स्पष्टीकरणाने पूर्वीचा अनुभव रद्द होत नाही.

तथापि, म्हणून मायकेलला ‘उभयलैंगिक’ ही संज्ञा लावावी काय? या संज्ञेच्या इंग्रजी प्रतिशब्दाचा इतिहास येथे बोधप्रद आहे. वनस्पतिशास्त्रात तो पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलास लावीत. दोहोंकडे ओढल्या जाणाऱ्या व्यक्तीस तो लावण्याची प्रथा १८९२ मधील क्राफ्ट-एबिंग यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरापासून दिसते. मराठीतही फूल आणि व्यक्ती या दोहोंसाठी ‘उभयलिंगी’ हा एकच शब्द वापरल्याने असाच गोंधळ होतो. १९३५ मध्ये ही संज्ञा उपलब्ध होती. पण बोलपटातील पात्राच्या तोंडी ती येणे शक्य नव्हते.

भाषेच्या व्याकरणाचाही येथे संबंध पोहोचतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठी भाषांतरकारास मात्र सिल्व्हियाच्या तोंडी ‘मी येतो’ घालावे की ‘मी येते’, हे वाक्यागणिक ठरवावे लागेल. मूळ संवादांतील संदिग्धता ही अंशतः इंग्रजीच्या व्याकरणाची देणगी आहे.

तात्पर्य, या बोलपटात उभयलैंगिक व्यक्तीचे चित्रण आहे असे म्हणण्यापेक्षा, नाव न मिळालेल्या उभयलैंगिक अनुभवाचे चित्रण आहे, असे म्हणणे अधिक युक्त होय. हा भेद केवळ शाब्दिक नाही. उच्चारित संज्ञा हाच पुरावा मानला, तर जे अनुभव उच्चारण्यास मनाई होती, ते इतिहासातून दुसऱ्यांदा वगळले जातील. आणि या खेपेस तो दोष आचारसंहितेचा नसून अभ्यासकाचा असेल.