पाठीमागे गाडी नसलेली शर्यत

मी नाशकात सायकली दुरुस्त करतो. त्यामुळे जुन्या प्रवासाची कुठलीही हकीकत हाती आली, की माणसांच्या आधी माझी नजर चाकांकडे जाते. रिम कसली होती, सामान कुठं बांधलं होतं, चिखलात काय झालं, हे आधी बघतो. अमेरिकी लष्कराच्या 25व्या पायदळ पलटणीचे 1896-97चे फोटो त्यामुळेच माझ्या मनात घर करून आहेत. मॉन्टाना राज्यातल्या फोर्ट मिझुला या ठाण्यावरचे कृष्णवर्णीय शिपाई सायकली घेऊन उभे आहेत. घोंगडी आणि तंबूचं कापड गुंडाळून हँडलला आडवं बांधलंय, फ्रेमच्या त्रिकोणात चपटी पेटी बसवलीय. आज लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यतीला निघालेल्या कुणाचीही सायकल पाहा: हँडलला गुंडाळी, फ्रेममध्ये पिशवी. सव्वाशे वर्षं झाली, पण वजन कुठं ठेवायचं याचं उत्तर बदललेलं नाही.

ते शिपाई शर्यत खेळत नव्हते. सायकल घोड्याची जागा घेऊ शकेल का, हे लष्कराला तपासायचं होतं. घोड्याला दाणापाणी लागतं, सायकलीला लागत नाही, एवढा साधा हिशेब. लेफ्टनंट जेम्स मॉस या तरुण अधिकाऱ्यानं 20 शिपाई, एक डॉक्टर आणि एक बातमीदार घेऊन 14 जून 1897 रोजी मिझुला सोडलं. 24 जुलैला ते सेंट लुईसला पोचले. अंतर 1,900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. सामानासकट एकेका सायकलीचं वजन साधारण 27 किलो, वर पाठीला बंदूक. रस्ता म्हणावा असं फारसं काही नव्हतंच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, आणि जिथं त्याही नव्हत्या तिथं रेल्वेच्या रुळांमधून स्लीपरवर दणके खात जायचं.

पहिल्याच दिवसांत पावसानं गाठलं. मॉन्टानाची ती चिकट माती टायरवर चढली, चिमट्यात साचली आणि चाकं फिरायची थांबली. निफाडकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात सायकल नेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. काडीनं चिखल उकरायचा, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा उकरायचा. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची, तर मातीमुळं तिचं वजन दीडपट झालेलं. पुढे मलन खिंडीत त्यांना जूनमध्येही बर्फ लागलं. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत ऊन आणि खारं पाणी यांनी माणसं आजारी पडली. तरी 41 दिवसांत ते पोचले. सैन्यानं त्यांना रेल्वेनं परत पाठवलं, आणि पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध पेटल्यावर तो प्रयोग तिथंच राहिला.

त्या तुकडीत मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता. 1906 साली टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला. कुठलाही खटला न चालवता 25व्या पलटणीच्या 167 जणांना अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नोकरीवरून काढलं, आणि त्यांत पंचवीसहून जास्त वर्षं नोकरी झालेला सँडर्सही होता. पेन्शन गेली. सैन्यानं तो निर्णय फिरवला 1972 साली, तोवर सँडर्स हयात नव्हता. डोंगरातल्या सायकलीच्या इतिहासात या माणसाचं नाव पहिल्या पानावर असायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच दुकानात येणाऱ्या पोरांना मी ते आवर्जून सांगतो.

मिझुला हे गाव या गोष्टीत पुन्हा येतं. 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली तेव्हा ‘बाइकसेंटेनियल’ या नावानं हजारो लोक सायकलवरून देश ओलांडायला निघाले. ती मोहीम उभी करणाऱ्या संस्थेचं बस्तान मिझुलातच होतं, आणि पुढे तिचंच नाव ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ झालं. याच संस्थेच्या मायकल मकॉय यांनी जंगलखात्याचे रस्ते, जुन्या खाणींच्या वाटा, गुराख्यांचे माळ जोडत जोडत कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत एक मार्ग आखला. पावसाचं पाणी ज्या कण्यावरून पॅसिफिककडे आणि अटलांटिककडे वाटलं जातं, तो कणा हा मार्ग पुन्हा पुन्हा ओलांडतो. 1997च्या सुमारास नकाशे तयार झाले. मार्ग होता सवडीनं फिरणाऱ्यांसाठी. शर्यत कुणाच्या मनात नव्हती.

शर्यत आली ती जॉन स्टॅमस्टॅडमुळं. पण त्याच्याआधी अलास्काबद्दल बोललं पाहिजे, कारण या खेळाची कठीण शाळा तिथं भरली. 1987 साली इडिटारोडच्या कुत्र्यांच्या स्लेजवाटेवर ‘इडिटाबाइक’ ही सुमारे 200 मैलांची शर्यत सुरू झाली. नेहमीचा टायर बर्फात खचतो. तिथल्या कारागिरांनी दोन रिमा शेजारी शेजारी वेल्ड केल्या, मग फेअरबँक्सला 44 मिलिमीटर रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम तयार झाली. आज आपल्याकडं पोरं हौसेनं जाड टायरची सायकल घेतात, तिचं मूळ या थंडीत आहे. सामानाच्या पिशव्यांचंही तेच. लोखंडी कॅरियर खडबडीत वाटेवर टिकत नाही. सतत हादरे बसून बोल्ट ढिले होतात आणि एक दिवस नेमके आट्यांपाशी तुटतात, मग अर्धा तुकडा फ्रेममध्ये अडकून बसतो. असे तुकडे मी ड्रिलनं किती वेळा काढले असतील. अलास्कातल्या आणि नंतर या डोंगरकण्यावरच्या स्वारांनी कॅरियरच काढून टाकला. कापडी पिशव्या पट्ट्यांनी थेट फ्रेमला, सीटखाली, हँडलला आवळल्या. बोल्टच नाही, तर तुटणार काय?

स्टॅमस्टॅड या अलास्काच्या शाळेतला. 1996 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ‘24 अवर्स ऑफ केनन’ या शर्यतीत चौघांचा संघ लागायचा, एकट्याला प्रवेशच नव्हता. यानं आपलंच नाव चार तऱ्हांनी लिहून चौघांचा संघ नोंदवला आणि चोवीस तास एकटाच फेऱ्या मारत राहिला. पूर्ण चार माणसांच्या कितीतरी संघांना त्यानं मागं टाकलं. पुढे अशा शर्यतींत एकट्यांचा वेगळा गट रूढ झाला.

1999च्या उन्हाळ्यात तो त्या नव्या मार्गाच्या उत्तर टोकाला, रूझव्हिलच्या सीमाचौकीपाशी उभा राहिला. समोर स्पर्धक नव्हता, आयोजक नव्हता, बक्षीस नव्हतं. 18 दिवस आणि 5 तासांनी तो न्यू मेक्सिकोत मेक्सिकोच्या सीमेवर पोचला. सुमारे 4,000 किलोमीटर, बहुतेक कच्च्या वाटेनं. पण माझ्या लेखी वेळेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यानं स्वतःवर घातलेली अट: सोबत कुणी नाही, मागे गाडी नाही, कुणी आधी येऊन डबा ठेवणार नाही.

ही अट किती वेगळी होती ते कळायला आपल्याकडं बघावं. मुंबई–पुणे शर्यत, बोरघाटातला ‘घाटाचा राजा’, यांवर आम्ही वाढलो. तिथं सायकलस्वारामागे गाडी असतेच. 2015 साली आमच्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र यांनी, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हा गावात दिवाळी झाली. 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. ती शर्यत 1982 साली सुरू झाल्यापासून मागच्या गाडीशिवाय, खाऊपिऊ घालणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, जागं ठेवणाऱ्या चमूशिवाय होतच नाही. ते यश अख्ख्या चमूचं असतं, आणि त्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. दक्षिण आफ्रिकेची ‘केप एपिक’ 2004 पासून चालते, तिथं जोडीनं पळवायचं आणि संध्याकाळी छावणीत तंबू, जेवण, मालिश. हिमाचलात ‘एमटीबी हिमालया’ही मुक्कामामुक्कामानं चालली. हे सगळे रस्ते स्टॅमस्टॅडच्या रस्त्यापासून फार लांबचे.

2004 साली माइक क्युरिॲकनं त्या मार्गावर ‘ग्रेट डिव्हाइड रेस’ भरवली आणि 16 दिवसांच्या किंचित वर वेळ देऊन स्वतःच जिंकली. त्या काळात स्वार गावातल्या सार्वजनिक फोनवरून हजेरी द्यायचे. थकलेल्या आवाजातले ते निरोप इंटरनेटवर ऐकायला मिळत आणि घरचे लोक त्यावर जीव टांगून असत. 2008 साली मॅथ्यू लीनं सुरुवात कॅनडातल्या बॅन्फपर्यंत मागे नेली आणि ‘टूर डिव्हाइड’ सुरू केली: बॅन्फ ते अँटिलोप वेल्स, सुमारे 4,400 किलोमीटर. जूनमधल्या दुसऱ्या शुक्रवारी निघायचं. प्रवेशशुल्क नाही, बक्षीस नाही. हळूहळू सार्वजनिक फोनची जागा सॅटेलाइट ट्रॅकरनं घेतली.

नियमाचा गाभा असा: वाटेवर जे सगळ्यांना मिळतं ते तुम्हीही घ्या, जे फक्त तुमच्यासाठी ठेवलेलं आहे ते घेऊ नका. हॉटेलात झोपा, पण मित्राच्या घरी ठरवून नको. किराणा विकत घ्या, पण भावानं आणून दिलेली भाकरी नको. सायकल मोडली, तर वाटेवरच्या दुकानात जा.

दुकानदार म्हणून मला या नियमाचं फार कौतुक आहे. कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्सचं ‘ऑरेंज पील’, सॅलिडाचं ‘ॲब्सोल्यूट बाइक्स’ ही गावातली साधी दुकानं या नियमामुळं एवढ्या मोठ्या शर्यतीचा भाग झाली. जूनमध्ये चिखलानं माखलेला स्वार दारात येतो. चेन ताणून लांबलेली, ब्रेक पॅड घासून धातूपर्यंत आलेले, पुढच्या हबमधून खरखर. तो पैसे देतो, दुकानदार काम करतो. उद्या दुसरा आला तर त्यालाही तेच. न्यू मेक्सिकोतलं पाय टाउन हे इवलंसं गाव ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थासाठी प्रसिद्ध. दोन दिवस ओसाड मुलखातून आलेला स्वार तिथं बाकी कुणाहीसारखा पैसे मोजून पाय खातो. यात कुणी एकटा नाही. स्वाराला मदत मिळते, पण ती त्याच्या ओळखीमुळं नाही.

या वाटेनं माणसंही घेतली आहेत. 2010च्या ‘टूर डिव्हाइड’मध्ये एक स्पर्धक कोलोरॅडोत समोरच्या गाडीच्या धडकेत गेला. 2016 साली 13 दिवस, 22 तास, 51 मिनिटांत ही वाट पार करणारा ब्रिटनचा माइक हॉल पुढच्याच मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच स्वावलंबी शर्यतीत कॅनबेराजवळ गाडीच्या धडकेनं गेला. तो डांबरी रस्त्यावर गेला, डोंगरात नाही. कच्च्या वाटेची भीती घालणाऱ्या पालकांना मी हे सांगतो.

मग 2019 साली वेगळाच वाद उभा राहिला. अलास्काची लेल विल्कॉक्स शर्यतीत होती, आणि तिच्यावर फिल्म करणाऱ्या गटात तिची जोडीदार होती. कुणी तिला पाण्याचा घोटही देणार नव्हतं. तरी विचारलं गेलं: वाटेत आपल्या माणसाचा चेहरा दिसणं ही मदत नाही का? मला वाटतं, आहे. पहाटे तीनला टेकडीवर ओळखीचा दिवा दिसला, की पायात बळ येतं. ते बळ दुकानात विकत मिळत नाही, म्हणून ते सगळ्यांसाठी नाही. पण तिच्या ताकदीवर ज्यांनी त्या निमित्तानं शंका घेतली, त्यांनी 2015 विसरू नये. त्या वर्षी ती अँकरेजहून बॅन्फला, सुरुवातीच्या रेघेपर्यंतच, सायकलनं आली. शर्यतीत छातीत संसर्ग होऊन दवाखान्यात गेली, तरी 17 दिवसांत शर्यत संपवून बायकांचा नवा विक्रम केला. त्यावर तिचं समाधान झालं नाही. त्याच उन्हाळ्यात ती बॅन्फला परत गेली, एकटी निघाली, आणि तीच वाट 15 दिवस, 10 तास, 59 मिनिटांत संपवली. त्या दुसऱ्या खेपेला ना शर्यत होती, ना कॅमेरा.