न जन्मलेल्या गणित्याचें चरित्र

विद्वत्ता आणि विनोद यांचें सख्य नाहीं, असा एक समज आपल्या समाजांत रूढ आहे. गणिताचा प्राध्यापक म्हटला कीं कपाळास आठ्या, कोटावर खडूची धूळ आणि ओठांवर हसूं म्हणून नाहीं, असेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आमची अर्धी हयात महाविद्यालयांत गेली असल्यामुळें या चित्रांत मुळींच तथ्य नाहीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तथापि विसाव्या शतकांतील गणिताच्या इतिहासांत ज्याचें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें, असा एक ग्रंथकार निव्वळ थट्टेंतून जन्मास आला. आणि गणिताच्या वाङ्मयांत त्या नांवाचा पहिला उल्लेख हिंदुस्थानांत, एका गोमंतकीय विद्वानाच्या लेखणींतून झाला, ही हकीकत पुष्कळ वाचकांस नवीन वाटेल.

१९२३ सालीं पॅरिस येथील एकोल नोर्माल या प्रख्यात विद्यालयांत नवागत विद्यार्थ्यांस एका परकीय पंडिताच्या व्याख्यानाचें निमंत्रण आलें. भरघोस दाढीचा, चमत्कारिक उच्चारांचा तो गृहस्थ फळ्यावर एकाहून एक दुर्बोध सिद्धान्त मांडीत गेला. प्रत्येकास एकेका सेनापतीचें नांव होतें, आणि अखेरचा होता ‘बूर्बाकीचा सिद्धान्त’! जनरल बूर्बाकी म्हणजे १८७१ सालीं प्रशियाशीं झालेल्या युद्धांत ज्याच्या सैन्यास स्वित्झर्लंडांत आश्रय घ्यावा लागला, तो फ्रेंच सेनानी. अर्थात् दाढी खोटी होती, सिद्धान्तही खोटे होते, आणि पंडित म्हणजे राउल ह्यूसाँ नांवाचा वरच्या वर्गांतील विद्यार्थी होता. श्रोत्यांपैकीं एकानें ‘मला आरंभापासून शेवटपर्यंत सर्व समजलें’ असें सांगितल्याची आख्यायिका आहे. ज्यांनीं कधीं वर्गावर शिकविलें आहे, त्यांस ती खरी मानण्यास निराळा पुरावा नको.

ही कथा आंद्रे वेय नांवाच्या तरुण गणित्याच्या मनांत घर करून राहिली. १९३० सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, हा वेय अलीगड विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून आला. संस्कृताचा त्यास मोठा व्यासंग होता व गीतेवर विलक्षण प्रेम होतें. पुढल्या वर्षीं तेथें त्यास एक समानधर्मी भेटला. बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव, व पुढें पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकविणारे, दामोदर कोसंबी ते हेच. कोसंबींचें एका सहकाऱ्याशीं बिनसलें होतें. वेयनें त्यांस सुचविलें, ‘बूर्बाकीच्या नांवें एक निबंध लिहा, महाशयांची विद्वत्ता कळून येईल.’ त्याप्रमाणें संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेंत, १९३१-३२ च्या पहिल्या खंडांत, ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धान्ताचें व्यापकीकरण’ अशा अर्थाच्या मथळ्याचा तीन पानांचा निबंध गंभीरपणें छापून आला. मूळ सिद्धान्ताचा कर्ता म्हणून, क्रान्तीच्या काळीं विषप्रयोगास बळी पडलेला कोणी रशियन गणिती पुढें करण्यांत आला होता.

येथवरची गोष्ट थट्टेची. परंतु पुढें तिला वेगळेंच वळण लागलें. पहिल्या महायुद्धांत एकोल नोर्मालचे कित्येक बुद्धिमान् तरुण कामास आले, आणि त्यामुळें फ्रान्सांत जुने गुरु व नवे विद्यार्थी यांमधील एक पिढीच जणूं नाहींशी झाली होती. पाठ्यपुस्तकें जुनाट झालीं होतीं. डिसेंबर १९३४ मध्यें वेय, आंरी कार्ताँ, शव्हाले, देल्सार्त, द्यदोने इत्यादि तरुण प्राध्यापक पॅरिसच्या एका कॉफीगृहांत जमले, व सर्वांनीं मिळून नवा ग्रंथ लिहावयाचा असें ठरलें. ग्रंथावर नांव कोणाचें? १९३५ सालीं तोच जुना बूर्बाकी पुन्हा उभा करण्यांत आला, आणि त्यास ‘निकोला’ हें पाळण्यांतलें नांव मिळालें. पोल्देव्हिया नामक कल्पित देशाचें नागरिकत्वही त्यास बहाल झालें!

थट्टा एवढी रंगली कीं तिची किंमतही द्यावी लागली. १९३९ च्या नोव्हेंबरांत फिनलंडमध्यें वेयला हेर समजून अटक झाली. झडतींत पोलिसांस पोल्देव्हियाच्या राजकीय अकादमीचे सभासद निकोला बूर्बाकी यांचीं भेटपत्रें व त्यांच्या कन्येच्या विवाहाची निमंत्रणपत्रिका सांपडली! युद्धाच्या ऐन धामधुमींत असा विनोद पोलिसांस कसा उमजावा? पुढें बूर्बाकीनें अमेरिकन गणित-परिषदेच्या सभासदत्वासाठीं अर्ज केला, तेव्हां चिटणिसांनीं ‘संस्था म्हणून अर्ज करावा’ असें उत्तर धाडलें.

आम्हांस या इतिहासांत जें मोलाचें वाटतें, तें हसण्याच्या पलीकडलें आहे. १९३९ पासून ‘गणिताचीं मूलतत्त्वें’ या मालेचे खंड निघूं लागले. एकानें मसुदा लिहावा, इतरांनीं तो निर्दयपणें फाडावा, दुसऱ्यानें पुन्हा लिहावा, अशी त्यांची रीत होती. पन्नाशी गांठली कीं मंडळांतून निवृत्त व्हावें, असा दंडक होता. आणि छापील पानावर कोणाचेंही खरें नांव नव्हतें. या ग्रंथांची मांडणी रुक्ष आहे, असा आक्षेप घेतला जातो व तो अगदींच निराधार नाहीं. परंतु ज्या विद्याक्षेत्रांत अग्रमानावरून जन्माचीं वैरें होतात, तेथें जगांतील पहिल्या प्रतीच्या गणित्यांनीं आपलें श्रेय एका न जन्मलेल्या माणसाच्या पदरांत घालावें, ही सामान्य गोष्ट नव्हे. अनेक पिढ्यांचें कर्तृत्व एका व्यासांच्या नांवावर जमा करणाऱ्या आपल्या देशांत तरी तिचें मर्म सहज कळावें.

ह्यूसाँच्या श्रोत्यांनीं नांवाला भुलून माना डोलाविल्या. बूर्बाकीच्या मंडळानें नांव पुसून काम उरविलें. खोट्या विद्वत्तेची थट्टा करणाऱ्यानें स्वतः खरें काम करून दाखविलें पाहिजे, हा धडा त्यांनीं गिरविला. रिक्त संचासाठीं, म्हणजे ज्यांत कांहींच नाहीं अशा समूहासाठीं, आज जगभर वापरलें जाणारें तिरप्या रेघेचें शून्य याच मंडळानें रूढ केलें. ज्या ग्रंथकर्त्याच्या जागीं कोणीच नव्हतें, त्याची ही खूण आम्हांस यथार्थ वाटते.