वेशीपर्यंत आलेला वेग

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहितांना आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. पहिली आगगाडी कोणत्या सालीं धांवली, पहिली तार कोठून कोठें गेली, पहिलें संभाषण कोणीं केलें, एवढें नमूद केलें म्हणजे इतिहास पुरा झाला असें आपण समजतों. या रीतीनें जलद मोबाईल इंटरनेटचाही इतिहास चार ओळींत आटोपतां येईल. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून भाषण केलें. १० एप्रिल २०१२ रोजीं एअरटेलनें त्याच कलकत्त्यांत फोर-जी सेवेस आरंभ केला. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा देशभर सुरू झाली. आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजीं दिल्लींत पंतप्रधानांच्या हस्तें फाइव्ह-जीचें उद्घाटन झालें. परंतु या साऱ्या तारखा आरंभाच्या आहेत, पोहोंचण्याच्या नाहींत. ज्या गांवीं कशाचाच आरंभ होत नाहीं, जेथें प्रत्येक गोष्ट दुसरीकडून निघून यावयाची असते, त्या गांवाचा इतिहास या यादींत सांपडत नाहीं. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील वैजापूर हें असेंच एक गांव असून, साधनें कोठवर आलीं व कोठें थांबलीं हें पाहण्यास तें फार सोयीचें आहे.

वैजापूर हें मराठवाड्याच्या पश्चिम टोंकास असलेलें तालुक्याचें ठिकाण. पश्चिमेस नाशिक जिल्ह्यांतील येवला, दक्षिणेस गोदावरीपलीकडे अहिल्यानगर जिल्हा. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील होईपर्यंत येवल्याकडील शीव केवळ दोन तालुक्यांची नव्हती, दोन राज्यांची होती. निजामाचें टपालखातें वेगळें, तिकिटें वेगळीं. आणि हा वेगळेपणा १९५० सालापर्यंत टिकला. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाडपर्यंत मीटर-गेज लोहमार्ग झाला. त्याचा हेतु उघड होता: संस्थानची राजधानी मुंबईच्या मोठ्या लोहमार्गास जोडावयाची. वैजापूर या दोन टोंकांच्या मधें सांपडलें, इतकेंच. गाडी थांबते तीही गांवाबाहेर, रोटेगांव येथें. साधन आपल्या गांवावरून जाणें निराळें आणि आपल्या गांवासाठीं येणें निराळें, हा धडा वैजापूरकरांनीं तेव्हांच घेतला असला पाहिजे.

टेलिफोननें हें अंतर थोडें कमी केलें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें लहान गांवांच्या उन्हाधुळींत वातानुकूलनावांचून चालेल असें १२८ जोडण्यांचें स्वयंचलित केंद्र तयार केलें. त्या धर्तीचीं केंद्रें जसजशीं पसरलीं, तसतशी एस. टी. डी.ची पिवळी पाटी तालुक्यातालुक्यांतून दिसूं लागली. रात्रीं दर उतरल्यावर त्या पाटीखालीं लागणारी माणसांची रांग अनेक वाचकांस आठवत असेल. आकारणीच्या सोयीसाठीं टेलिफोन खात्यानें साऱ्या देशाचे सुमारें २,६०० लहान विभाग पाडले होते. असा एक विभाग म्हणजे स्थूलमानानें एक तालुका. वैजापूरच्या वांट्यास त्यांतील ०२४३६ हा अंक आला. हा रुक्ष तपशील येथें देण्याचें कारण असें कीं, पुढें मोबाईलच्या इतिहासांत त्याला अनपेक्षित महत्त्व आलें.

मोबाईल सेवेचे परवाने निघाले ते मंडळवार. मुंबई शहर वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ; अर्थात् पुणें आणि वैजापूर हीं एकाच परवान्याखालीं आलीं. पण परवानाधारकानें सेवा कोठें द्यावी यासंबंधींची अट मात्र जिल्ह्याच्या ठिकाणांवरून मोजली जाई. तीन वर्षांत मंडळांतील निम्मीं जिल्ह्याचीं ठिकाणें व्यापलीं कीं अट पुरी होई. एखादें वगळून त्या जिल्ह्यांतील दुसरें शहर घेण्याचीही मुभा होती. मिनिटास सोळा रुपयांपर्यंत आकार पडण्याच्या त्या काळांत कंपन्यांनीं पुणें-नाशिककडे धांव घ्यावी हें स्वाभाविकच होतें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कायद्याच्या दृष्टीनें तालुका नांवाची वस्तु तेव्हां मोजमापांतच नव्हती. जें मोजलें जात नाहीं, तें राहून गेलें तरी कोणास दोष लागत नाहीं.

हें मोजमाप २०१० सालीं बदललें. त्या वर्षीं थ्री-जीच्या लहरींचा लिलाव झाला, आणि लगेच जूनमध्यें जलद इंटरनेटसाठीं राखलेल्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचाही झाला. या दुसऱ्या लिलावांत देशांतील सर्व २२ मंडळें इन्फोटेल नांवाच्या एका लहानशा कंपनीनें जिंकलीं, आणि निकालाच्याच दिवशीं रिलायन्सनें ती कंपनी विकत घेतली. तीच पुढें जिओ झाली. या पट्ट्याच्या अटींत जिल्ह्याचें ठिकाण हें माप नव्हतें. महानगरांबाहेरील मंडळांत ग्रामीण वस्तीच्या निम्म्या टेलिफोन-विभागांत पांच वर्षांत सेवा पोहोंचवावी असें त्यांत होतें. म्हणजे ०२४३६ सारखा अंक आतां केवळ आकारणीचा राहिला नाहीं, कर्तव्याचा झाला. तालुका प्रथमच हिशेबांत आला. परंतु त्याच अटीचें पुढील वाक्य वाचलें म्हणजे आनंद आवरता घ्यावा लागतो. विभाग व्यापला असें केव्हां म्हणावयाचें? तर तेथील नगरपालिकेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या हद्दींतील नव्वद टक्के क्षेत्रांत, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसास, सेवा मिळूं लागली म्हणजे. कर्तव्य जिल्ह्यावरून तालुक्यास उतरलें खरें, पण वेशीपाशीं येऊन थांबलें. वेशीबाहेर शेत आहे, वस्ती आहे, मळा आहे. त्यांचा उल्लेख अटींत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, लहरींना वेस कसली? बिनतारी साधन हद्द ओलांडून जाईलच. परंतु ‘बिनतारी’ हा शब्द फसवा आहे. तार नसते ती फक्त आपल्या हातांतील यंत्रापासून जवळच्या टॉवरपर्यंत. त्यापुढें सारा व्यवहार बहुतेक जमिनींत पुरलेल्या फायबरमधूनच, म्हणजे केंसासारख्या काचतंतूंतून होतो. आणि हे तंतु बहुधा मोठ्या रस्त्यांच्या कडेनें जातात. जेथें तंतु नाहीं, तेथें एका टॉवरनें दुसऱ्या टॉवराकडे हवेंतूनच माल पोंचवावयाचा, आणि ती वाट अरुंद असते. शिवाय लहरींचाही एक धर्म आहे. ढोलाचा घुमारा शिवारापार ऐकूं जातो, सनईचे बारीक सूर मांडवाभोंवतींच राहतात. तद्वत् कमी कंपनांच्या लहरी दूर जातात, तर अधिक कंपनांच्या पट्ट्यांत वेगाला पुष्कळ जागा मिळते, पण त्यांचा पल्ला तोकडा. थोडक्यांत, वेग आणि पल्ला यांचें वांकडें आहे. दाट वस्तींत थोड्या टॉवरांवर भागतें. विरळ शिवारांत त्याच वेगासाठीं अधिक टॉवर हवेत, आणि तेथें पैसे देणारीं माणसें थोडीं. कंपनीचा हिशेब वेशीपाशीं कां थांबतो, याचें उत्तर या निसर्गनियमांतही आहे.

२०१६ नंतर जें घडलें तें सर्वांस ठाऊकच आहे. जिओनें ३१ मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट दिलें. ज्या एका जीबीस पूर्वीं अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, त्याची किंमत कोसळली. आणि लासलगांवचा कांद्याचा भाव बाजारांत गाडी नेण्यापूर्वीं शेतकऱ्यास कळूं लागला. हा लाभ थोडा नव्हे, आणि त्याचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु साधन स्वस्त झालें कीं तें सर्वांपाशीं आहे असें राज्यकर्ते धरून चालतात, आणि खरा प्रश्न तेथेंच उपस्थित होतो. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां वर्ग मोबाईलवर भरूं लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी आली: शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें व मोबाईलवरून पाठवावें. पीकविम्याच्या नियमाप्रमाणें गारपिटीसारख्या आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागते, आणि तिचाही एक प्रमुख मार्ग मोबाईल हाच. पूर्वीं तलाठी बांधावर येई. न आला तर दोष तलाठ्याचा. आतां छायाचित्र गेलें नाहीं तर दोष शेतकऱ्याचा ठरतो. परवान्याच्या अटींत ज्या बांधाचें नांव नाहीं, त्याच बांधावरून सरकारास वेळेवर उत्तर हवें आहे!

या विसंगतीची जाणीव सरकारास नाहीं असें नव्हे. कंपन्यांच्या उत्पन्नांतून पांच टक्के घेऊन ग्रामीण सेवेसाठीं निधि उभारण्याची व्यवस्था २००२ पासून आहे. २०११ सालीं सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतु नेण्याची योजना मंजूर झाली, आणि तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. तरीही जुलै २०२२ मध्यें फोर-जी न पोहोंचलेल्या २४,६८० खेड्यांसाठीं २६,३१६ कोटि रुपयांची वेगळी योजना केंद्रीय मंत्रिमंडळास मंजूर करावी लागली. फाइव्ह-जीचें उद्घाटन त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं झालें, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

लोहमार्गानें वैजापूर बाजूस ठेवलें, कारण तो दोन राजधान्यांसाठीं होता. मोबाईलनें तें प्रथम वगळलें, कारण अट जिल्ह्याची होती. नंतर तें घेतलें, पण वेशीपर्यंतच. या सव्वाशे वर्षांत यंत्रें पार बदललीं. साधन कोठवर न्यावयाचें हें मात्र दर वेळीं मोजपट्टीच्या टोंकानेंच ठरविलें. म्हणून पुढच्या लिलावाच्या वेळीं सुजाण नागरिकांनीं बोलीचे आंकडे जरूर वाचावे, पण त्याआधीं अटींचें तें एक वाक्य काढून पाहावें. ज्या शेतापासून सरकार ७२ तासांत उत्तर मागतें, तें शेत त्या वाक्यांत आलें कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुरे.