कुलवधूच्या आधी आणि नंतर : ज्योत्स्ना भोळे यांची रंगभूमीवरची वाटचाल

पनवेलकर मंडळींना संगीत नाटकाचं वेगळं काही सांगायला नको. घाटात रेल्वे चढण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीनं पनवेल बंदराला उतरायचं आणि मग खोपोलीवरून घाट गाठायचा. मुंबई आणि पुणे ही मराठी नाटकाची दोन मोठी पेठांची गावं, आणि आपण त्यांच्या बरोबर मध्ये. तेव्हा आज आपण ज्या बाईंबद्दल बोलणार आहोत, त्यांचं आयुष्यही याच दोन शहरांत गेलं, हे लक्षात असू द्या. जन्म मात्र गोव्याचा. 11 मे 1914, गाव बांदिवडे. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. लहानपणीच मोठी बहीण गिरिजाबाई यांच्याकडे मुंबईला आल्या, कारण गिरिजाबाई स्वतः गाणाऱ्या होत्या आणि घरात गाणं होतं. पुढे आग्रा घराण्याच्या उस्तादांची तालीम मिळाली. 1932 मध्ये संगीतकार आणि संगीत समीक्षक केशवराव भोळे यांच्याशी लग्न झालं आणि दुर्गाची ज्योत्स्ना झाली.

आता ही तारीख, 1932, जरा बाजूला ठेवू आणि त्या वेळी रंगभूमीवर काय चाललं होतं ते बघू. कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, 1882 मध्ये 'सौभद्र'. तिथून पन्नास वर्षं मराठी संगीत नाटकातली नायिका म्हणजे पुरुष. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. बालगंधर्वांनी नेसलेली साडी, घातलेला दागिना बघून घराघरातल्या बायका तसं नेसायला लागल्या, हे आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलं आहे. पण त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. स्त्रीनं कसं दिसावं, कसं लाजावं, कसं गावं हे रंगमंचावर पुरुषानं ठरवलं, आणि ते इतकं सुंदर ठरवलं की खरी स्त्री तिथे आली तर ती कमीच वाटावी. आमच्या मते पहिल्या अभिनेत्रींपुढची खरी अडचण ही होती. समाज नावं ठेवतो ही तर होतीच. शिवाय प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे एक नमुना पक्का बसलेला होता, आणि तो बाईचा नव्हताच.

म्हणजे स्त्रिया रंगमंचावर नव्हत्याच का? होत्या की. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, त्यात बायका पुरुषांचीही कामं करत. त्यांची नावं इतिहासात तळटीपेपुरती येतात, कारण त्या 'कुलीन' मानल्या जात नव्हत्या. आणि 1929 मध्ये तर हिराबाई बडोदेकर मैदानात उतरल्या. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलगी, किराणा घराण्याचा गळा. भाऊ सुरेशबाबू आणि बहिणी यांना घेऊन त्यांनी नाटक मंडळी काढली, आणि त्यात स्त्रीची भूमिका स्त्रीनं व पुरुषाची पुरुषानं करायची हा नियम. लोक आले, कौतुक झालं, आणि मंडळी कर्जात बुडाली. ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडलं. हे वाक्य आपण पटकन बोलून जातो, पण विचार करा, एक गायिका गावोगाव गाते आहे आणि बिदागी नाटकाच्या देण्यात जाते आहे!

त्यातच बोलपट आला. 1931 ला 'आलम आरा', 1932 ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. नाटकाची थिएटरं सिनेमाकडे गेली. रात्रभर चालणारं, 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' घेणारं नाटक आणि अडीच तासांत संपणारा बोलपट, प्रेक्षक कुठे जाणार हे सांगायला नको.

अशा वेळी 1 जुलै 1933 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'नाट्यमन्वंतर' या नव्या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' उभं केलं. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते मराठीत आणलं होतं. दिग्दर्शक पार्श्वनाथ आळतेकर, संगीत केशवराव भोळे यांचं. प्रश्न सरळ होता : लग्नाआधी मुलीनं शुद्ध असावं असं तुम्ही म्हणता, मग तोच नियम मुलाला का नाही? आणि हा प्रश्न विचारणारी नायिका, बिंबा, रंगमंचावर उभी होती ती एकोणीस वर्षांची ज्योत्स्ना भोळे.

हाच प्रश्न शालू नेसलेल्या पुरुषानं विचारला असता तर? संवाद तेच, पण धार गेली असती. बिंबाच्या तोंडची मागणी ही एका खऱ्या तरुण स्त्रीच्या तोंडून येणं भागच होतं. म्हणून आम्हाला वाटतं, 1933 मध्ये स्त्री रंगमंचावर आली ती केवळ सुधारणेच्या हौसेनं नाही, नव्या नाटकाची ती गरजच होती. गाण्याचंही तसंच. 'सौभद्रा'त पदांचा पाऊस, इथे मोजकी गाणी, आणि तीही प्रसंगातून उगवणारी, भावगीताच्या जवळ जाणारी. तान संपेपर्यंत कथा थांबवायची नाही. गळ्यात आग्र्याची तालीम असताना कमी गायचं, हे फार अवघड काम आहे. ज्यांना गाता येतं त्यांनाच ते कळेल.

या प्रयोगाचा गौरव तेव्हा आणि नंतरही एका शब्दात झाला : 'कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या.' या शब्दाला आमचा आक्षेप आहे. त्या एका विशेषणानं आधीच्या सगळ्या जणी, हिराबाईसुद्धा, उंबऱ्याबाहेर राहतात. पदवी नवऱ्याच्या आडनावातून मिळते, गळ्यातून नाही, असा त्याचा अर्थ होतो. ज्योत्स्नाबाईंचं श्रेय यानं वाढत नाही, उलट कमीच होतं.

'नाट्यमन्वंतर' फार टिकलं नाही. पण वाट पडली होती. 1941 मध्ये मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' काढली. रांगणेकर मूळचे पत्रकार, त्यामुळे लोकांना किती वेळ आहे हे त्यांना बरोबर कळायचं. सुटसुटीत नाटक, घरातला दिवाणखाना, मोजकी गाणी, स्त्रीची कामं स्त्रियांनीच करायची. आणि 1942 मध्ये, म्हणजे 'चले जाव'च्या वर्षी, 'कुलवधू' आलं.

गोष्ट बघा. भानुमती ही सुनबाई सिनेमात काम करते, नाव कमावते, पैसा कमावते. नवऱ्याला ते आधी आवडतं, मग टोचायला लागतं. शेवटी ती त्याचं घर सोडते. इब्सेनची नोराही दार आपटून घराबाहेर पडते. भानुमती मात्र जाते ती सासू-सासऱ्यांकडे! यावरून रांगणेकरांवर टीका झाली, आणि ती रास्तच आहे : बंड तर केलं, पण पत्ता सासरचाच दिला. तरी आम्ही एवढंच म्हणू की 1942 च्या प्रेक्षकाला हे पटवायचं तर दुसरा पत्ता कोणता देणार होतात?

यात खरी गंमत वेगळीच आहे. भानुमती झाल्या होत्या ज्योत्स्नाबाई. म्हणजे कमावत्या, नावाजलेल्या कलावंत सुनेची भूमिका करत होती एक कमावती, नावाजलेली कलावंत सून. घरी केशवराव, स्वतः मोठे संगीतकार, प्रभातच्या 'संत तुकाराम'चं संगीत त्यांचं. नाटकातल्या नवऱ्याला जे जमलं नाही ते या घरात जमलेलं होतं, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाला ते माहीत होतं. 'कुलवधू' हा शब्दच बघा ना. दहा वर्षांपूर्वी 'कुलीन' म्हणून ज्यांचं कौतुक झालं, त्याच बाई आता कुळाची वधू म्हणजे नेमकी कोण, असं विचारत होत्या.

संगीत मास्तर कृष्णरावांचं. शेवटची भैरवी आजही कुठल्या ना कुठल्या मैफलीत ऐकू येते. ज्योत्स्नाबाईंच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर एक गोष्ट ध्यानात येते : शब्द कुठेही चिरडला जात नाही. आधी अर्थ पोचतो, मागोमाग सूर. भावगीतं गाणाऱ्या पुढच्या गायिकांनी हे उचललं. दुःख एवढंच की तबकडीत तीन मिनिटांचं गाणं मावलं, भूमिका मावली नाही. त्या उभ्या कशा राहत, गाण्याआधीचं वाक्य कसं टाकत, हे पाहणारी पिढी आता जवळपास संपली.

पुढे 'एक होता म्हातारा', 'भूमिकन्या सीता' अशी नाटकं झाली. 'आराधना' हे नाटक तर त्यांनी स्वतः लिहिलं. मराठी नाट्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. 5 ऑगस्ट 2001 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पुण्यात टिळक रोडला हिराबागेत त्यांच्या नावाचं छोटं सभागृह आहे, तिकडे गेलात तर जरूर डोकवा.

कुणी म्हणेल, मग जयमाला शिलेदारांचं काय? तो अगदी वेगळा रस्ता. ज्योत्स्नाबाईंनी संगीत नाटक बदललं. जयमालाबाई आणि जयराम शिलेदारांनी 1949 मध्ये 'मराठी रंगभूमी' काढून जुनं संगीत नाटक जिवंत ठेवलं, आणि मुलगी कीर्तीनं 1972 च्या 'स्वरसम्राज्ञी'त ते पुढे नेलं. एकाच वेळी दोघीही बरोबर असू शकतात. तो विषय मोठा आहे, पुढच्या व्याख्यानात त्याच्याकडेच वळू. येताना 'कुलवधू'ची गाणी तेवढी एकदा ऐकून या.