पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत वकिली हा राजकारणाचा राजरस्ता होता. इलिनॉयमधले वकील अब्राहम लिंकन १८६० साली निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच शतकात पुण्यात वकिली करणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांच्यापुढे असा रस्ता नव्हता. मुंबईच्या कायदेमंडळात जायचे, तर सरकारने नेमायला हवे; मतदार नव्हते आणि मतपेटीही नव्हती. जोशींनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

जोशी साताऱ्याचे, जन्म १८२८ चा. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभारावर लोक नाराज होते. त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली आणि तिचा भार वाहता वाहता जोशी ‘सार्वजनिक काका’ झाले. सभेच्या घटनेतला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. सभासद व्हायचे तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोक होते. मुखत्यारपत्र हा रोजच्या कचेरीतला कागद. अशिलाने सही केल्यावाचून वकिलाला तोंड उघडता येत नाही, हा कोर्टाचा साधा नियम काकांच्या सभेने राजकारणाला लावला. सरकारने ‘तुम्ही कोणाचे?’ असे विचारले, तर दाखवायला कागद हवा होता.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. निफाडला जन्मलेले, म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्याचेच. रानड्यांचा अभ्यास आणि काकांची पायपीट अशी ती जोडी होती. शेतसाऱ्याची चौकशी, दुष्काळातली माहिती, तंटे कोर्टाबाहेर मिटवणारी लवाद न्यायालये ही कामे सभेने केली. पक्षकारांवर पोट असणारा वकील लवादासाठी झटतो, यातच माणूस कळतो. १८७२ पासून काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते सभेतर्फे हातच्या सुताच्या कपड्यांत गेले.

या मुखत्यारीला एक मर्यादाही होती. १८७५ साली सभेने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्यावेत, असा अर्ज पाठवला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. एकीकडे कागदावर सह्या गोळा होत होत्या, दुसरीकडे सही-अंगठ्याचेच कागद पेटत होते. सभेत वजन होते ते सरदार, इनामदार, सावकार आणि शिकलेल्या ब्राह्मणांचे. जोतीराव फुल्यांनी सभेवर टीका केली ती याच जागी. ही टीका बाजूला ठेवून काकांचे चरित्र लिहिता येणार नाही, असे माझे मत आहे.

तरीही मुखत्यारीचा अर्थ काकांना कळला होता. याची कसोटी १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड आणि बुधवारवाडा-विश्रामबागवाड्याच्या आगी यांमुळे सरकार पुण्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाकडे संशयाने पाहत होते. आदल्या वर्षी नाशिकला बदलून आलेल्या रानड्यांना आता धुळ्याला धाडले गेले आणि तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे संशय आपल्या दारी बोलावणे. काकांनी ते घेतले. बंडाचा मार्ग त्यांचा नव्हता, ते अर्ज-विनंत्यांचे राजकारण करणारे गृहस्थ. पण आरोपीची बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे, हा वकिलीचा धर्म त्यांनी सोडला नाही. फडक्यांना जन्मठेप झाली. १८८३ मध्ये एडनला त्यांचा अंत झाला. त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी, काका गेले होते.

पाच वर्षांनी मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली. ती मुळात पुण्यात व्हायची होती; पटकीच्या साथीने जागा बदलली. तिथे जमलेल्या ७२ जणांत वकील पुष्कळ होते. पण ‘तुम्हाला कोणी पाठवले?’ या प्रश्नाचे सह्यांनिशी उत्तर देण्याची रीत पंधरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलाच्या सभेने घालून दिली होती. आमच्याकडे प्रातिनिधिक राजकारणाचा इतिहास १८८५ पासून मोजतात. मी तो १८७० पासून मोजतो.